क्लेमविरहित दिवस : ९९८

आमच्या इमारतीच्या फाटकावर एक फलक आहे. निळा पत्रा, त्यावर पांढरी अक्षरं : 'या इमारतीतील सलग क्लेमविरहित दिवस'. खाली चार चौकटी. त्या चौकटींत आकड्यांच्या छोट्या पाट्या अडकवायच्या असतात, आणि त्या पाट्यांच्या पेटीची किल्ली माझ्याकडे असते, कारण मी या इमारतीचा सेक्रेटरी आहे. रोज सकाळी ठीक सात वाजता, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून मी खाली जातो आणि आकडा एकाने वाढवतो. जन्म-मृत्यूच्या दाखल्यांच्या खात्यात छत्तीस वर्षं कारकुनी केली, पण इतकं जबाबदारीचं काम सरकारने माझ्यावर कधी सोपवलं नव्हतं.

ही सगळी कल्पना विमा कंपनीची. कंपनीचा शाश्वतता अधिकारी इमारतीत बैठक घ्यायला आला होता. तरुण, तरतरीत माणूस. आजवर लोकांची अशी भाबडी समजूत होती की आपण आजारी पडलो की विमा कंपनी खर्च देते. ही जुनी दृष्टी झाली, असं त्याने आम्हाला समजावलं. नव्या दृष्टीप्रमाणे कंपनी आरोग्यव्यवस्था टिकवते, आणि आजारी माणूस ती झिजवतो.

"आरोग्यव्यवस्था ही विहीर आहे," तो म्हणाला. "प्रत्येकाने पोहरा टाकला तर विहीर आटणार. मग टिकवायची कशी?"

"पाणी न पिता," वरच्या मजल्यावरचे मास्तर म्हणाले. मास्तर निवृत्त झालेत, पण जीभ अजून नोकरीवर आहे.

अधिकाऱ्याने ते उत्तर वहीत उतरवून घेतलं आणि मास्तरांचे आभार मानले.

योजना सोपी होती. इमारतीतल्या सगळ्या पॉलिस्या एका गटात. एकानेही क्लेम केला नाही तर दिवस वाढत जाणार. कुणी केला, तर आकडा शून्य. हजार दिवस पूर्ण झाले की इमारतीला 'शाश्वत इमारत' हा किताब, फाटकावर सेक्रेटरीचं नाव कोरलेली पितळी पाटी, आणि झाडून सगळ्या रहिवाशांची संपूर्ण आरोग्य तपासणी, सोनोग्राफीसकट, फुकट.

घरी येऊन मी हे आमच्या हिला सांगितलं.

"म्हणजे हजार दिवस दुखणं दाबून ठेवायचं, आणि मग ते फुकट तपासून घ्यायचं?" ही म्हणाली.

"अगं, तुला धोरण कळत नाही."

"धोरण कळतं हो. तुम्ही कळत नाही."

पाटी पितळी असणार होती, हे मी तिला पुन्हा एकदा सांगितलं. तिने कुकर लावला.

पहिले चार दिवस सुखात गेले. मग समोरच्या इमारतीनेही तोच फलक लावला. आमच्याहून चारच दिवस मागे! आता समोरच्यांना स्वतःच्या तब्येतीपेक्षा आमच्या तब्येतीत जास्त रस. रस्त्यात कुठे अँब्युलन्सचा भोंगा वाजला की ती मंडळी चहाचे कप घेऊन गॅलरीत हजर. भोंगा पुढे निघून गेला की त्यांची तोंडं अशी उतरायची, की आम्हालाच त्यांची दया यायची.

चारशे बाराव्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरचा टेलर जिन्यावरून घसरला आणि त्याचं मनगट मोडलं. आम्ही पाच जण पिशवीभर फळं घेऊन त्याला भेटायला गेलो.

"अहो, हाड मोडलंय माझं!" तो कळवळून म्हणाला.

"हाड तुमचं आहे हो," मी म्हणालो, "पण आकडा सगळ्यांचा आहे."

शेवटी आपल्याच दुकानातली लाकडी फूटपट्टी आणि जुना पट्टा घेऊन त्याने मनगट बांधलं. महिन्याभरात हाड सांधलं, थोडं वाकडं सांधलं. तेव्हापासून तो शिवतो त्या प्रत्येक पँटचा डावा पाय इंचभर आखूड येतो, आणि आमच्या इमारतीतले सगळे पुरुष चालताना जरासे डावीकडे झुकतात. पुढच्या पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याने ते पाहिलं आणि आमच्यातल्या एकोप्याची नोंद केली.

त्याच सुमारास बैठकीच्या इतिवृत्तातून मी 'आजारी' हा शब्द काढून टाकला. त्याऐवजी 'तात्पुरते अशाश्वत' असं लिहायचं ठरलं. लोकांनाही सवय झाली. "आज जरा अशाश्वत वाटतंय," असं म्हणत मास्तर उशीत तोंड खुपसून खोकायचे, कारण त्यांची खिडकी समोरच्या इमारतीकडे उघडते.

आणि मग नऊशे एकसष्टाव्या दिवशी आमच्या हिच्या पोटात दुखायला लागलं.

आधी मी म्हटलं, वारा धरला असेल. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी मात्र पोट दाबून बघितलं, फोटो काढायला लावला आणि सांगितलं, "पित्ताशयात खडे आहेत. ऑपरेशन करून टाका. विमा आहे ना?"

"एकोणीस वर्षांपासून आहे. एकदाही वापरला नाही."

"मग आता वापरा."

"थांबता येईल का, डॉक्टर? फक्त एकोणचाळीस दिवस."

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "खडा काय कॅलेंडर बघून अडकतो?"

बाहेर आल्यावर ही रस्त्यात थांबली. "एकोणचाळीस म्हणजे काय हो?"

मी तिला सगळं समजावून सांगितलं. चौसष्ट रहिवासी, नऊशे एकसष्ट दिवस, टेलरचं मनगट, मास्तरांची उशी. एका पित्ताशयापायी या सगळ्यावर पाणी ओतायचं? तिने शांतपणे ऐकून घेतलं. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, आणि तिचं शांत ऐकणं मला तिच्या बोलण्यापेक्षा जड जातं.

"बरं," ती म्हणाली. "पण हजाराव्या दिवसानंतर एक दिवसही थांबणार नाही."

नऊशे सत्तराव्या दिवशी तिला पहिली कळ आली. नऊशे शहाऐंशीला दुसरी. इमारतीत बातमी पसरली तशी आमच्या घरी रीघ लागली. कुणी तिच्यासाठी बिनतेलाचं जेवण आणलं, कुणी पायांवर घालायला शाल. एकोणीस वर्षांत जिने आमच्या घरी साधा पेला उसना मागितला नव्हता, ती खालच्या मजल्यावरची बाई रोज येऊन हिचे पाय चेपायला लागली. एवढी माया आजारपणात कुणाच्या वाट्याला येते? मला तर भरून आलं. ही म्हणाली, "माझे पाय नाही चेपत ती. पाट्या चेपतेय."

नऊशे अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी, भर दुपारी, मी खाली नळाच्या माणसाशी भांडत होतो. वरून आरडाओरडा ऐकू आला. धावत गेलो तर ही पहिल्या मजल्याच्या जिन्यात बसलेली. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, एका हातात कपड्यांची पिशवी, दुसरा हात बरगडीखाली घट्ट दाबलेला. एकटीच हॉस्पिटलात निघाली होती. वरच्या पायऱ्यांवर, खालच्या पायऱ्यांवर सगळी इमारत उभी.

"वहिनी, दोनच दिवस!" टेलर हात जोडत म्हणाला. त्याचे हात नीट जुळत नव्हते. "मी काढलेच ना?"

"अँब्युलन्स नको," कुणीतरी म्हणालं. "समोरचे गॅलरीत आलेत."

"अहो," ती मला म्हणाली, "मला नाही सहन होत."

मी तिच्याशेजारी पायरीवर बसलो. ती मरते की काय, अशी भीती वाटली, हे मी इथे कबूल करतो. तिचा हात माझ्या हातात होता आणि तो भिजलेला होता. मी म्हणालो, "अगं, नऊशे अठ्ठ्याण्णव झालेत."

तिने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, कठड्याला धरून उठली आणि एकेक पायरी चढत परत वर गेली. जिन्यातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. हलक्या हाताने वाजवल्या, समोरच्यांना ऐकू जाऊ नयेत म्हणून. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी घरी येऊन इंजेक्शन दिलं आणि माझ्याशी एक शब्दही न बोलता निघून गेले.

हजारावा दिवस उजाडला. मी चौथी चौकट पहिल्यांदा भरली. फीत कापली, फोटो निघाले, पितळी पाटी बसली. पाटीवर माझ्या नावात एका अक्षराची चूक होती, पण पितळेत काना काय आणि मात्रा काय. कंपनीची तपासणीची गाडी आली आणि संध्याकाळपर्यंत चौसष्टच्या चौसष्ट रहिवासी तपासून झाले. एक्केचाळीस जणांना काही ना काही निघालं. मास्तरांच्या छातीत सावली, टेलरचं वाकडं हाड, मला साखर. आमच्या हिचे खडे पडद्यावर इतके स्वच्छ दिसले की तपासणाऱ्या मुलीने आम्हाला ते मोजून दाखवले. अकरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, शब्द दिल्याप्रमाणे, मी हिचा क्लेम दाखल केला. फलकाचं काय करावं कळेना, म्हणून निकाल लागेपर्यंत चौकटींवर टॉवेल टाकून ठेवला.

तीन दिवसांनी पत्र आलं. 'आपणांस सदर आजार क्लेमपूर्वीपासूनच असल्याचे कंपनीच्या तपासणी शिबिरात निष्पन्न झाले आहे. सबब क्लेम नामंजूर.'

मी पत्र घेऊन तडक कंपनीत गेलो. शाश्वतता अधिकाऱ्याने मला पाणी दिलं.

"अहो, आजार क्लेमच्या आधीच होणार ना!" मी ओरडलो. "आधी आजार, मग क्लेम!"

"बरोबर," तो म्हणाला. "नेमकं तेच आमच्या लक्षात आलं. सगळे क्लेम याच कारणाने होतात."

"पण ती मुद्दाम थांबली! तुमच्या हजारासाठी!"

"त्याबद्दल कंपनी वहिनींची ऋणी आहे. पण आजार माहीत असून क्लेम केला नाही, याला लपवणं म्हणतात. आता तुमच्या इमारतीतले एक्केचाळीस आजार आमच्या नोंदीत आलेत. त्यांच्यावर यापुढे कधीच क्लेम होऊ शकत नाही. कल्पना करा, साहेब, किती टिकाऊ व्यवस्था!" तो मला दारापर्यंत सोडायला आला. "आणि हो, तो टॉवेल काढा. नामंजूर क्लेम हा क्लेम धरत नाहीत. तुमचा आकडा शाबूत आहे."

घरी येताना फाटकाशी सगळे वाट बघत होते. मी निकाल सांगितला. टेलरने विचारलं, "म्हणजे शून्य नाही?" मी मान हलवली. लोकांनी माझं अभिनंदन केलं.

हिचं ऑपरेशन शेवटी सरकारी हॉस्पिटलात झालं. तिथे फलक नव्हता, रांग होती. एका खाटेवर दोघी, आणि तिसरी खाली सतरंजीवर. एक हजार सव्विसाव्या दिवशी तिचा नंबर लागला. ऑपरेशन करणारी डॉक्टर बाई दोन दिवस झोपली नसावी. ती बाहेर येऊन मला म्हणाली, "इतके दिवस काय करत होतात? सडत आलं होतं सगळं. अजून आठवडा काढला असतात, तर मला फक्त दाखला लिहावा लागला असता."

दाखला! मी आयुष्यात हजारो दाखले लिहिले. नाव, वय, कारण, सही. त्या बाकड्यावर बसून मला तिच्या नावाचा दाखला माझ्याच अक्षरात दिसला, आणि मी भर गर्दीत रडलो. तिथे कुणाचंच तिकडे लक्ष गेलं नाही.

दुखणं हत्तीच्या पायांनी येतं आणि मुंगीच्या पायांनी जातं म्हणतात. पाच दिवसांनी, संध्याकाळी, मी तिला घरी आणलं. तिच्या हातात खड्यांची छोटी बाटली होती. ती तिने बाहेरच्या खोलीत, फीत कापतानाच्या माझ्या फोटोसमोर ठेवली. मग खुंटीवरची किल्ली घेतली आणि पोटावर हात धरून, एकेक पायरी करत, खाली गेली. मी खिडकीतून बघत होतो. तिने पेटी उघडली, चारही पाट्या काढल्या आणि चारही चौकटींत शून्य लावलं. वर आली, किल्ली होती तिथे टांगली. माझ्याकडे बघून म्हणाली, "चहा तुम्ही करा आज." मी केला. तिला आवडतो तसा, आलं ठेचून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता समोरची मंडळी कप घेऊन गॅलरीत उभी होती. त्यांचा फलक एक हजार अठ्ठावीस दाखवत होता. आमचा एक हजार बत्तीस.

रात्रीतून शून्य कुणी बदललं, हे इमारतीत कुणीही विचारलं नाही. हिनेही नाही. पेटीला किल्ली एकच आहे.

आता तुम्ही मला नावं ठेवणार, ते दिसतंच आहे. ठेवा की. मी दगड आहे, मी बायकोच्या जिवावर पितळ मिरवतो, सगळं कबूल. फक्त एक सांगा, इथे कुणी ऐकत नाही. त्या दुपारी ती जिन्यात घामाघूम होऊन बसली होती, आणि दोनच दिवस उरले होते. ती पिशवी ठेवून परत वर चढायला लागली, तेव्हा तुम्हालाही क्षणभर हायसं वाटलं होतं ना?