टेकडीचे वय आणि साळूबाईचे बीळ

मुलांनो, एका जंगलात एक टेकडी होती. ती किती जुनी होती, हे मला विचारू नका. गोष्ट त्याचीच आहे आणि ती संपेपर्यंतही ते कळणार नाही.

टेकडीच्या उतारावर साळूबाई बीळ करून राहत होती. अंगभर काटे, पण स्वभाव मऊ. निदान मला तरी तसे वाटते. तिला नुकतीच दोन पिल्ले झाली होती.

एके सकाळी तिला बिळाच्या वरच्या कड्याला भेग दिसली. ती घाबरली. ओढ्यापलीकडे जागा होती. पण घर बदलायला जंगलातल्या प्राण्यांच्या सभेची परवानगी लागे. आणि सभेत वयाला फार मान. जो प्रश्न जुना, तो आधी.

सर्वांत जुना प्रश्न होता टेकडीच्या आणि तिच्याखालच्या पृथ्वीच्या वयाचा.

"पृथ्वी आमच्या पणजोबांच्या पाठीवर ठेवली," कासवबुवा सांगत होते. "आजोबांनी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे फार तर चार पिढ्या झाल्या."

"आणि पणजोबा कशावर उभे होते?" खवले मांजराने विचारले. जन्मभर जमीन उकरल्यामुळे त्याला सगळे सर म्हणत.

"कशावर म्हणजे? पायांवर!"

सभा हसली. सरांना राग आला. "बुवा, मातीत थरांवर थर आहेत. एकेक थर बसायला युगं लागतात."

"थर बसताना तुम्ही तिथे होतात?"

"तुम्ही तरी पणजोबांच्या पाठीवर होतात?"

साळूबाई उठली. "अध्यक्षमहाराज, घरावर भेग पडलीय. पिल्लांना घेऊन पलीकडे जाऊ का?"

अध्यक्ष गवा होता. त्याने रवंथ थांबवले. "भेग कधीची?"

"परवाची."

"परवाची!" गवा हळहळला. "बस, बाई. मोठे प्रश्न चाललेत."

"पण ती रुंदावतेय हो!"

"तिच्यात थर किती दिसतात?" सरांनी उत्सुकतेने विचारले.

"पणजोबांनी कूस बदलली असेल," बुवा म्हणाले.

"अहो, पण कडा पडेल का?"

"आधी वय ठरू दे!" दोघे एकदमच ओरडले.

साळूबाई सभेतून निघाली. ती बिळाकडे गेली आणि एकेक पिल्लू तोंडात धरून ओढा ओलांडून गेली. मागून सभा "नियम! नियम!" म्हणून ओरडत राहिली.

संध्याकाळी कडा कोसळला.

सगळे धावले. टेकडी उभी चिरल्यासारखी उघडी पडली होती. तांबडा, पिवळा, काळा असे थर पाहून सरांच्या डोळ्यांत पाणी आले. तळाशी एक गुळगुळीत, गोलसर खडक निघाला होता.

"पणजोबांची पाठ!" बुवांनी लोटांगण घातले.

आयुष्यात प्रथमच दोघांनी एकमेकांना मिठी मारली. मग सभेने एकमताने साळूबाईवर ठपका ठेवला. कडा कोसळताना आतून काय दिसते, हे सांगू शकणारी एकमेव साक्षीदार ऐन वेळी निघून गेली होती.

ठपका ऐकवायला गवा ओढ्यापलीकडे गेला. साळूबाईने तो पूर्ण ऐकून घेतला.

"मान्य आहे," ती म्हणाली. "फक्त जरा हळू बोला. दूध पिऊन आत्ताच झोपलीत."

तात्पर्य : डोक्यावरचा कडा कोसळणार असेल, तर आतच बसून राहावे. जीव जातो, पण ज्ञान वाढते. (मी स्वतः ओढ्यापलीकडे राहतो. ते बरोबर की चूक, हे माझे अजून ठरलेले नाही.)