आईच्या डाव्या दाढेचा तुलनात्मक खर्च

दात हा शरीराचा असा एकमेव भाग आहे, जो ठेवायचा की काढायचा हे घरची मंडळी बसून ठरवतात. हृदयाबाबत अशी बैठक कुणी बोलावत नाही. हा निर्णय नागरिकांना पूर्ण माहितीनिशी घेता यावा, म्हणून आमच्या आईच्या खालच्या डाव्या दाढेचा अनुभव कलमवार देत आहे.

कलम १. सरकारी उपचार मोफत असतात. खर्च येतो तो फक्त ते मिळेपर्यंत. आमचा असा आला: चार फेऱ्या, तीन रांगा (तिसरी चुकीची होती, पण सर्वात लवकर सरकली) आणि माझ्या अडीच रजा. चौथ्या फेरीला खिडकीतल्या बाईंनी विचारलं,

"आज दुखतंय का?"

"आज जरा बरं आहे," आई म्हणाली.

"मग आज कशाला आलात, मावशी?"

"तारीख तुम्हीच दिली होती ना."

"तारीख आम्ही द्यायची. दुखणं तुम्ही आणायचं."

यात चूक काहीच नव्हतं. आईने तिथेच उभं राहून दाढ जिभेने डिवचून पाहिली. जमलं नाही.

कलम २. अखेर तारीख आणि दुखणं एकाच दिवशी आलं. डॉक्टर सज्जन आणि फार थकलेले होते. दाढ वाचू शकते, म्हणाले. फक्त वाचवायचं यंत्र बंद आहे, काढायचा चिमटा चालू आहे. (चिमट्याला वीज लागत नाही.)

"घरी विचारून सांगते," आई म्हणाली.

कलम ४. (कलम ३ काढून टाकलं आहे. वाचलं असतं, पण ती सोय खासगीत आहे. त्यामुळे हे कलम रिकाम्या जागेकडे किंचित झुकलं आहे. शेजारचं काढलं की तसं होतंच.) खासगी दवाखान्यात दुखणं सोबत न्यावं लागत नाही, तिथे शोधून देतात. आईची दाढ भिंतीवरच्या पडद्यावर उशीएवढी दिसली.

"अगंबाई! एवढी मोठी? मग दुखणारच की," आई म्हणाली.

डॉक्टर तिला सारखे "आई, आई" म्हणत होते. त्यामुळे खर्चात मुलगा म्हणून तेही वाटा उचलतील, असं मला क्षणभर वाटलं. मग छापील अंदाजपत्रक आलं. रूट कनाल, वर कॅप. एकूण: एक फ्रीज. (दोन दरवाजांचा. भारी कॅप घेतल्यास आपोआप बर्फ करणारा.)

कलम ५. घरी बैठक झाली. उपस्थित: बाबा, दादा, वहिनी, मी. आई चहा गाळत होती. दादाने डॉक्टरांना फोन लावून कॅप किती टिकते ते विचारलं.

"वीस वर्षं सहज!" फोन ठेवून तो आनंदाने म्हणाला. मग त्याने आईकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं. मीही. (आईला एकसष्टावं चालू आहे.) हिशेब मनातल्या मनात करायची आमच्या घराला शिस्त आहे.

आईने कप आमच्यापुढे ठेवले.

"वीस वर्षं मी काय करू त्या कॅपचं? आणि हल्ली दुखतही नाही."

"अहो आई, सकाळी तर गाल धरून बसला होतात," वहिनी म्हणाली.

"ती सवय झालीये गं."

"बघा, दुखत नाही म्हणतेय," बाबा म्हणाले. ठराव एकमताने मंजूर झाला. आईचं मतही धरलं.

निष्कर्ष. सरकारी: अडीच रजा आणि दाढ. खासगी: एक फ्रीज. घरगुती: काही नाही. घरगुती उपचारच सर्वोत्तम, हे उघड आहे. आई आता उजव्या बाजूने चावते. त्याला वेळ लागतो, म्हणून ती सगळ्यांच्या नंतर जेवायला बसते. कुणाचाही खोळंबा होत नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही फ्रीज घेतला. (जुना आवाज करायचा.)

वाचकांना सूचना. आपली आई कोणत्या बाजूने चावते, ते आठवून पाहा. आठवत नसेल तर अभिनंदन. आपल्या घरीही उपचार मोफतच चालू आहेत.