काठावरची झोप

आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, बाज विणून झाली की तिच्यावर स्वतः झोपल्याशिवाय ती कुणाला देत नाहीत. नुसतं बसून बघत नाहीत. उशी घेऊन, पटका तोंडावर ओढून दुपारभर घोरतात. गिऱ्हाईक दारात ताटकळलं तरी चालतं.

"मामा, टेम्पोवाला थांबलाय," म्हटलं की पटक्याखालून आवाज येतो, "बाज अजून मुकी हाय. बोलू दे तिला."

बाज बोलते म्हणजे कूस बदलली की दोरी करकरते. मनासारखी करकरली की मामा उठतात, सैल पडलेली दोरी आवळतात आणि म्हणतात, "बराबर हाय. न्या आता."

कुरुंद्यातल्या कितीतरी घरांत मामांच्या हातची बाज आहे. मजुरी एक कप चहा. मग आमच्या यांची, म्हणजे मामांच्या मुलाची, कंबर धरली, म्हणून त्यांनी हळदीच्या आडतीवरची हमाली सोडली आणि म्हणाले, "आबा, आता बाजा विकायच्या. मी लाकूड तासतो, ही दोरी वळंल, तुमी विणा."

"विकायच्या?" मामा घाबरलेच. "मंग चहा कोण पाजवंल?"

"घरचाच प्या."

"घरच्या चहाला कामाची चव न्हाई येत."

तरी त्यांनी विणल्या. वसमतच्या रस्त्यावरच्या ढाबेवाल्यानं आधी दोन नेल्या. चांगल्या निघाल्या तर ढाबाभर घेणार होता. चारच दिवसांत तो दोन्ही परत घेऊन आला.

"अहो, माणूस जेवाया बसलं की एका अंगाला सरकून राहिलं! काल एकाची डाळ मांडीवर सांडली. नीट करा, न्हाई तर मी नांदेडहून आणतो."

"डाळ पातळ असंल," मामा म्हणाले.

हे कंबरेवर हात ठेवून भिंतीला टेकले. पुन्हा पोती उचलायची वेळ येते की काय, हेच त्यांच्या मनात असणार.

गावात मात्र कधी कुणी तक्रार केली नव्हती. फुकटच्या बाजेला नावं कोण ठेवील?

मामांनी दोन्ही बाजा उकलून पुन्हा विणल्या. दुपारी पहिलीवर आडवे झाले. मी दाराआडून दोरी वळता वळता बघत होते, तेव्हा ध्यानात आलं. मामा पार काठावर झोपले होते. जरा हलले असते तर खाली पडले असते. बाकीची बाज मोकळी. त्यांच्या अंगाखालची दोरी ताणून सैल पडायची, तेवढीच ते आवळायचे. दुसरी बाजू तशीच कोरी राहायची आणि गिऱ्हाईक बसलं की खाली जायची.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, असताना मी शेतातल्या आखाड्यावर भाकरी घेऊन जायची. दुपारी दोघं एकाच बाजेवर पडलेले असत. आत्याबाई ऐसपैस, मामा काठावर. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली.

हे मामांना सांगायचं कसं? मी तर त्यांच्यासमोर मान वर करत नाही. यांना कंबर सांभाळत एका बाजूनं धरायला सांगितलं आणि ज्वारीचं पोतं ओढत नेऊन दुसऱ्या बाजेच्या मोकळ्या अंगाला आडवं टाकलं.

मामा आले. "हे काय?"

मी दाराआडूनच म्हटलं, "मामा, ती बाजू बी ताणाया पायजे ना."

मामा पोत्याजवळ बसले. मग त्यांनी ते हाताने जोखून पाहिलं.

"लई जड हाय," ते म्हणाले. "एवढी न्हवती ती."

त्यांनी पोत्याचं तोंड सोडलं, बादलीभर ज्वारी काढली, पुन्हा जोखलं. मग आणखी दोन ओंजळी काढल्या. "आता बराबर हाय."

आणि काठावर जाऊन झोपले.

दोन्ही बाजा तशाच ताणून ढाब्यावर गेल्या. ढाबेवाला स्वतः त्यावर मांडी घालून जेवला आणि बाकीच्या बाजा करायला सांगून मोकळा झाला. आता आमच्याकडे प्रत्येक बाजेवर मामा आणि पोतं दोघं झोपतात. लोक हसतात.

परवा चहा घेऊन गेले तेव्हा ऊन अंगणात सरकून बाजेवर आलं होतं. मामा उघड्या तोंडाने घोरत होते. त्यांचा पटका पोत्यावर पांघरलेला होता.