कापराने अडविलेल्या कोळशाच्या गडाची हकिकत

श्रीकाळारामाचे चरणी मस्तक ठेवून लिहिली असे. नाशिक मुक्कामी ऐन दसऱ्यात कोळशाच्या गडावर जे संकट गुदरले, त्याचे वर्तमान कॉलेजच्या कँटीनात जो तो तिखटमीठ लावून सांगू लागला, सबब घडले ते यथास्थित नमूद करणे प्राप्त जाहले.

पंचवटीचे उपाध्ये राजमान्य वेणीमाधवभट यांची कन्या उत्तराबाई कॉलेजचे प्रयोगशाळेत संशोधनाचे कामी रुजू होती. तिने दिंडोरीच्या द्राक्षबागांतून छाटणीच्या काड्या आणविल्या, आणि भट्टीत भाजविल्या, आणि क्षार घालून पुन्हा तापविल्या, मग धुऊन वाळवून चिमूटभर काळी भुकटी हाती आली. भुकटी कसली, गडच तो! कणाकणात बेसुमार कोठड्या, आणि त्या ऐशा अरुंद की साध्या सूक्ष्मदर्शकासही दाद न देत. मसलत ऐशी की मिथेन वायूची उनाड फौज या कोठड्यांच्या भिंतींस चिकटवून ठेवावी, म्हणजे लहान टाकीत, थोड्या दाबाने, बहुत वायू मावेल. गाइड देवव्रत सरांचा हुकूम सुटला की दसरा होताच बाहेरील परीक्षक येतील, त्यांचे समक्ष वायू भरून दाखवावा, न भरल्यास प्रकल्प गुंडाळावा. उत्तराबाईची सारी उमेद भुकटीच्या त्या एका कुपीत होती.

तिने गड तापवून, पंपाने आतील हवा ओढून रिकामा केला, आणि खंडेनवमीस कुपी घरी नेली. कारण वेणीमाधवभटांचे फर्मान होते की ज्याचे त्याने आपले हत्यार पूजेस मांडावे. एरवी "पोरगी कोळसा कालवत बसते" म्हणणाऱ्या बापाने त्या कोळशास हत्यार म्हटले, तेणेकरून तिने कुपी आपल्या हाताने पाटावर मांडिली. मग भटजींनी गंधफूल वाहिले आणि कुपीचे बूच काढून बाजूस ठेविले.

"बूच लावलेल्या बाटलीत आशीर्वाद शिरेल कसा गं?"

तिला हरकत घेववेना. कुपी उघडीच राहिली, आणि शेजारी कापराची डबीही उघडी, आणि दसरा उलटेतो दोघांचा शेजार जाहला.

परीक्षेचे दिवशी सकाळी, आत शिरली ती हवाच, पंपाने निघेल, ऐशा भरवशावर, पुन्हा न तापविता वायू सोडिला. यंत्राचा आकडा जागचा हलेना. वायूची फौज दारातून माघारी. तिची सहकारी सईबाई हिने कुपी हुंगली मात्र, आणि ओरडली, "अगं, हिला तर आरतीचा वास येतोय!"

तेव्हा कळो आले की कापूर बिनबोभाट आत शिरून कोठडीकोठडीत तळ देऊन बसला आहे. देवव्रत सर लालबुंद जाहले. हा कारभार कोणाचा, ऐशी विचारणा जाहली, तेव्हा उत्तराबाईने बापाचे नाव ओठांवर येऊ दिले नाही.

"माझाच, सर. बूच मी लावलं नाही."

मग वेढा पडला. खालून भट्टीची आच, वरून पंपाची ओढ, आणि वाटेत द्रव नायट्रोजनात बुडविलेली काचनळी बंदीखान्यासारखी उभी. कापूर हटता हटेना, आणि अखेर नळीत पांढरे बुरशीसारखे काही धरू लागले. गनीम कैद होत होता. तरी डबीचा दरवळ कुपीसोबत आलाच होता, त्यामुळे परीक्षक साहेब उंबऱ्याशी आले ते बूट काढूनच आत शिरले. कोणी खुलासा केला नाही.

गड निवविला आणि वायू सोडिला. आकडा चढला, आणखी चढला, आणि सरांनी कबूल केलेल्या हद्दीपार जाऊन थांबला. सईबाईने टाळी दिली. उत्तराबाईने आकडा वहीत टिपला.

सायंकाळी ती नळीतला कापूर पुडीत बांधून घरी आली आणि बापास सारे सांगितले. भटजींचा चेहरा उतरला.

"म्हणजे मीच घोटाळा केला का गं?"

"बाबा, इतकं घट्ट त्या कोळशानं अजून काहीच धरलं नव्हतं."

पुडी सोडून भटजींनी तोच कापूर आरतीस लाविला, आणि डोळे धुराने पाणावले म्हणाले, जरी कापूर चिमूटभरच होता.

येणेप्रमाणे गड फत्ते जाहला. पुढील नवमीस कुपी बूच लावूनच मांडावी, आशीर्वाद बुचातूनही शिरतो, ऐसा निवाडा खुद्द वेणीमाधवभटांनी दिला, तो येथे दाखल केला असे.