बटणसाठी तीन अर्ज

शनिवारी सकाळी त्या घरात तिघंही खोटं बोलत होते आणि एकालाही ते धड जमत नव्हतं.

"मी जरा दातांच्या डॉक्टरकडे जाऊन येतो," सासरे म्हणाले. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केलेला हा काटेकोर माणूस. पण आज त्यांनी चहात साखरेऐवजी मीठ घातलं होतं आणि तो चहा ते मिटक्या मारत पीत होते.

"आमच्या वाचनालयात आज पुस्तकांची मोजणी आहे. उशीर होईल मला," सून म्हणाली.

"मलाही दुकानात माल उतरवून घ्यायचाय," चिरंजीव म्हणाले. चिरंजीवांचं दुकान चष्म्यांचं. तिथला माल उतरवायला एक माणूस आणि एक खिसा पुरे. पण त्यांना कुणी टोकलं नाही.

दात दाखवायला निघालेल्या माणसाच्या हातात झाकणाची भलीमोठी टोपली कशाला, हेही कुणी विचारलं नाही. विचारणार कोण? सुनेच्या पिशवीत नवीकोरी उशी कोंबलेली होती आणि चिरंजीवांच्या खिशातून दोरीला बांधलेलं पीस बाहेर डोकावत होतं. प्रत्येकाने दुसऱ्याकडे पाहिलं, आपलं सामान पाठीमागे लपवलं आणि तिघं तीन दिशांनी निघाले. कोपऱ्यावरून वळले आणि तिघंही एकाच ठिकाणी जायला लागले, भटक्या मांजरांच्या निवाऱ्याकडे.

निवाऱ्यात बटण होती. पांढरीशुभ्र मांजरी, गळ्याखाली शर्टाच्या बटणाएवढा काळा ठिपका. परका माणूस म्हणून काही असतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. वायरमन आला की त्याच्या खांद्यावर, टपाल आलं की पोस्टमनच्या पिशवीत. सुई टोचणाऱ्या डॉक्टरचाच हात ती चाटायची. पण लोकांना हवी असतात पिल्लं आणि बटण होती चार वर्षांची. सहा महिने ती दाराशी बसून येईल त्याचं स्वागत करत होती आणि आलेले लोक तिला कुरवाळून पिल्लू घेऊन जात होते.

निवारा चालवणाऱ्या ताईंचा एक कडक नियम होता. घरातल्या एकाही माणसाची हरकत असेल, तर मांजर मिळणार नाही. कुणाच्या तरी नाराजीपायी आठवड्याभरात परत आलेली मांजरं त्यांनी पाहिली होती. परत आलेलं मांजर चार दिवस जेवत नाही, हेही पाहिलं होतं.

आणि आमच्या या घरात हरकती होत्या तीन वर्षं जुन्या. एकदा जेवताना मांजराचा विषय निघाला होता. सुनेला झाडलोट वाढेल म्हणून सासरे म्हणाले, "घरात जनावर नको." त्यांचा मान राखायचा म्हणून सून म्हणाली, "मलाही केसांचा त्रास होतो बाई." दोघं एवढं म्हणतायत म्हटल्यावर चिरंजीवांनी लगेच दोन शिंका काढून दाखवल्या. विषय संपला. तिघांनी एकमेकांसाठी मन मारलं आणि त्याबद्दल मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मग सासरे निवाऱ्याचं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला गेले आणि बटण त्यांच्या मांडीवर येऊन झोपली. तेव्हापासून ते घड्याळ दर आठवड्याला बिघडत होतं. सून रद्दी द्यायला गेली. त्यानंतर वाचनालयात कालचं वर्तमानपत्रही शिल्लक राहीनासं झालं. आणि बटणने टेबलावरून ढकलून ताईंचा चष्मा फोडला, तो गेला चिरंजीवांकडे. दोन दिवसांच्या कामाला त्यांनी तीन आठवडे लावले. आज फ्रेम चुकली, उद्या काच. दर वेळी ते "माफ करा" म्हणायला स्वतः जात आणि तासभर बटणशी खेळून येत.

तोवर ताईंना समोरचा माणूस म्हणजे नुसता एक ठिपका दिसत होता. तिघांचे अर्ज त्यांनी न वाचताच फायलीत लावले आणि तोंडीच विचारलं, "घरात कुणाची हरकत?"

तिन्ही वेळा उत्तर आलं, "मला हवीय हो. पण घरातल्या दोघांना मांजर अजिबात खपत नाही."

"शनिवारी बारापर्यंत त्यांना राजी करा," ताईंनी तिघांनाही बजावलं. "नाहीतर बेकरीवाले काका तिला नेणार आहेत."

राजी कुणी कुणाला केलं नव्हतंच. ताईंच्या हातापाया पडायचं आणि मांजर आधी घरी आणायचं, पुढचं पुढे, असा तिघांचा बेत होता.

साडेअकराला सासरे पोचले. टोपली खाली ठेवतात तोच फाटकातून ओळखीचा आवाज आला, "ताई, आहात का?" सूनबाई! सासरे औषधांच्या कपाटामागे शिरले. सून आत आली आणि बसणार एवढ्यात बाहेर स्कूटरचा हॉर्न वाजला. तो बिघडलेला हॉर्न तिने झोपेतही ओळखला असता. ती रद्दीच्या ढिगाआड गडप झाली.

"कोण आलं? कोण गेलं?" ताई हवेत हात फिरवत म्हणाल्या.

"मी चष्मेवाला," चिरंजीव म्हणाले. "हा घ्या तुमचा चष्मा. आणि ताई, ते बटणचं..."

तेवढ्यात बेकरीवाले काका रिकामी टोपली घेऊन दारात उभे राहिले. "बारा वाजत आले. नेऊ का मांजर?"

ताईंनी चष्मा चढवला आणि आज न्यायची म्हणून बटणला ठेवलेला पिंजरा उघडला. बटण बाहेर आली, आळोखेपिळोखे दिले आणि थेट कपाटामागे गेली. तिकडून जोरजोरात घुरघुर ऐकू आली. मग सासऱ्यांची शिंक.

"बाबा?" चिरंजीव ओरडले. "तुम्ही इथे?"

"मी... दात दाखवायला."

"इथे?"

"डॉक्टर ते डॉक्टर! जनावरांना काय दात नसतात?"

तोवर बटण रद्दीत शिरली होती. ढीग हलला, कोसळला आणि मांडीवर मांजर घेतलेली सून उघडी पडली.

"अगं, तू?"

"मोजणी!" सून म्हणाली. "वर्तमानपत्रांची. आणि अहो, तुमचा माल?"

"उतरवला," म्हणून चिरंजीवांनी पीस खिशात आणखी खोल ढकललं.

प्रत्येकाला वाटलं, या दोघांना आपला पत्ता लागला आणि ते अडवायला आलेत.

"तुमच्यापैकी कुणाला मांजर हवंय का?" ताईंनी विचारलं.

"छे!" सासरे म्हणाले.

"भलतंच!" सून म्हणाली आणि बटणला खाली ठेवलं. चिरंजीवांनी इमानदारीत एक शिंक काढली.

"मग ठरलं," म्हणत ताईंनी काकांपुढे कागद सरकवला. काका खुर्चीवर टेकले तशी बटण त्यांच्या मांडीवर चढली आणि त्यांच्या पिठाने माखलेल्या बाहीवर डोकं घासू लागली. काकांनी पेनाचं टोपण काढलं. सुनेने ओठ गच्च मिटले. चिरंजीव छताकडे बघू लागले. काकांनी सहीचं पहिलं अक्षर काढलं.

"थांबा!" सासरे एवढ्या मोठ्याने ओरडले की दोन पिंजऱ्यांपलीकडे मोकळा झोपलेला बोका कपाटावर चढला. "मला हवीय ती! सूनबाई, केस मी झाडीन. रोज झाडीन!"

"पण बाबा, मलाच हवीय!" सुनेला रडूच फुटलं. "तुम्हाला जनावर नको ना?"

"अरे, शिंका खोट्या होत्या माझ्या!" चिरंजीव म्हणाले. "तीन वर्षं खोट्या होत्या!"

ताईंनी नवा चष्मा नाकावर नीट बसवला, फाइल उघडली आणि तीन अर्ज शेजारी शेजारी मांडले. पत्ता एकच होता.

"म्हणजे ज्या सहा जणांची हरकत आहे म्हणून मी तीन आठवडे झोपले नाही," त्या सावकाश म्हणाल्या, "ते सहा जण तुम्हीच तिघं?"

काकांनी पेनाला टोपण लावलं. "मला एवढंच सांगा, ही उंदीर धरते का?"

"उंदरांशीही हिची मैत्री आहे," ताई म्हणाल्या.

"मग तो कपाटावरचा द्या," काका म्हणाले.

तिघांच्या सह्या झाल्या. बटण सासऱ्यांच्या टोपलीत बसली, सुनेच्या उशीवर, आणि चिरंजीवांचं पीस तोंडात धरून. घरी जाताना तिघं रस्ताभर एकदम बोलत होते आणि कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं.

आठवड्याने ताई पाहणीला आल्या. बटण दारातच त्यांच्या पायात घुटमळली. चार घास जास्तच खाल्लेली दिसत होती. घरात काही तक्रार नव्हती. ताई निघाल्या तेव्हा सासरे त्यांना जिन्यापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, "ताई, बटणला सोबत म्हणून एखादं पिल्लू मिळेल का? मला हवंय हो. पण या दोघांना आता दुसरं खपायचं नाही."

फाटकाशी सुनेने त्यांना गाठलं आणि हेच विचारलं. ताई रस्त्यावर पोचल्या तर स्कूटरपाशी चिरंजीव इकडेतिकडे बघत उभे होते.

त्यांनी तोंड उघडायच्या आत ताईंनी त्यांचा दंड धरला, त्यांना तसंच जिना चढवून वर आणलं, तिघांना एका सोफ्यावर बसवलं आणि पर्समधून एकच कोरा अर्ज काढला.

"आता," चष्मा पुसत त्या म्हणाल्या, "जे काही बोलायचं ते एकमेकांसमोर बोला."