जुन्या आवृत्तीतल्या म्हशी

"नको असलेलं वेळच्या वेळी नष्ट करता येणं, हीच माणसाच्या संस्कृतीची खरी खूण आहे," असं दीनानाथ रिकाम्या घरात मोठ्यानं म्हणाले आणि त्यांनी बायकोच्या सगळ्या म्हशी नष्ट केल्या.

म्हशी कॉम्प्युटरमधल्या होत्या. म्हणून प्रकरण किरकोळ होतं, असं मात्र कुणी समजू नये. शैलजाबाईंचं माहेर वेल्ह्यातलं पासली. म्हशींच्या पाठीवर बसून वाढलेली ही बाई लग्न होऊन भोरला आली आणि तेव्हापासून तिचं एकच मागणं होतं, की दारात एक म्हैस असावी. दीनानाथांनी ते मागणं दर वर्षी विचारार्थ ठेवून घेतलं. शेवटी मुलानं, अद्वयनं, आईला कॉम्प्युटरवर शेतीचा एक गेम टाकून दिला. त्यात गायी परदेशी आणि पीक गव्हाचं. पण अशा गेमला हौशी लोक आपापल्या वस्तू बनवून जोडतात, त्यांना मॉड म्हणतात. शैलजाबाईंनी शोधून शोधून म्हशींचा मॉड उतरवला, मग गोठ्याचा, मग भातखाचरांचा. रोज देवपूजेच्या आधी त्या म्हशींना वैरण टाकत. प्रत्येक म्हशीला नाव होतं.

पुढं गेमची नवी आवृत्ती निघाली. अद्वयनं तीही टाकली आणि तिचे मॉड वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवून ठेवले. नावं तीच, पण एका आवृत्तीचा मॉड दुसरीत चालत नाही. शैलजाबाईंना नवी आवृत्ती पसंत पडली नाही. म्हशी जुनीतच राहिल्या.

दीनानाथांची सगळी नोकरी कचेरीच्या अभिलेख कक्षात गेलेली. तिथला नियम सरळ होता. एकाच नावाच्या दोन प्रती आढळल्या तर ताजी ठेवायची, जुनी निर्लेखित करायची, म्हणजे कायमची नष्ट. त्या दिवशी शैलजाबाई उत्रोलीला भाचीच्या, नूतनच्या, केळवणाला गेल्या होत्या आणि कॉम्प्युटर जागा संपल्याची तक्रार करत होता. दीनानाथांनी आत डोकावलं. तीच ती नावं दोन ठिकाणी. त्यांनी जुनी प्रत उडवली. कचरा घरात ठेवायची त्यांना सवय नसल्यामुळे कॉम्प्युटरची कचरापेटीही रिकामी केली. वर कुणाची गैरसोय नको म्हणून नव्या मॉडच्या प्रती जुन्यांच्या जागी नेऊन ठेवल्या आणि आपलं काम कसं झालंय ते बघायला जुना गेम उघडला.

'काही मॉड सापडत नाहीत. तरीही पुढे जायचे?' असं पडद्यावर आलं. कचेरीत काहीच सापडत नसताना पुढं जायची त्यांना सवय होती. त्यांनी 'होय' दाबलं.

गेममध्ये पहाट होती, धुकं होतं. गोठा नव्हता. म्हशी नव्हत्या. म्हशींच्या गळ्यातल्या घंटा तेवढ्या होत्या. त्या अधांतरी, एकामागं एक, हलत हलत हौदाकडं निघाल्या होत्या.

दीनानाथांनी पुण्याला मुलाला फोन लावला.

"अद्वय, मॉड नसले तर म्हशी दिसत नाहीत का रे?"

"बाबा, काय केलंत?"

"जनरल विचारतोय."

"तसाच गेम चालू करून सेव्ह नाही ना केलात?"

"मी कशाला करीन? तो आपला आपण झाला."

"जुने मॉड कुठायत?"

"निर्लेखित केले."

"बाबा, जुन्या आवृत्तीचे हुडकून परत उतरवा. आणि एक करा, मला फोन केला होतात हे आईला सांगू नका."

पोटचा मुलगा असा हात झटकतो म्हटल्यावर दीनानाथांना प्रसंगाची खोली कळली. शैलजाबाई चिडल्या की ओरडत नसत. त्या गप्प होत आणि घर आवरायला घेत. मागं एकदा त्या अशाच गप्प झाल्या होत्या, तेव्हा दीनानाथांची बाजाची पेटी गेली. ती कुठं गेली हे विचारायची हिंमत त्यांना अजून झाली नव्हती.

त्यांनी म्हशी हुडकायला घेतल्या. 'म्हैस', 'म्हैस सुधारित', 'म्हैस अंतिम', 'म्हैस अंतिम सुधारित' अशा कितीतरी निघाल्या. कोणती कुठल्या आवृत्तीची, हे एकीवरही धड लिहिलेलं नव्हतं. दीनानाथांनी सगळ्या उतरवल्या. तर म्हैस म्हणाली, आधी गोठा पाहिजे. गोठा म्हणाला, आधी हौद पाहिजे. हौदाला पाइप लागत होता आणि पाइपाला नव्या आवृत्तीचा गेम. इतक्या वर्षांत कचेरीत खेपा घालणाऱ्या जनतेला काय वाटलं असेल, हे त्यांना प्रथमच समजलं.

तेवढ्यात शैलजाबाईंचा फोन आला. "निघालेच हं मी. म्हशींना पाणी दाखवलंत ना? सांगून गेले होते."

दीनानाथांनी पडद्याकडं पाहिलं. घंटा हौदाशी वाकल्या होत्या.

"पितायत," ते म्हणाले.

फोन ठेवतात तोवर दारात पासलीचा म्हादू उभा. डोंगरातल्या धनगरवाड्यावरचा हा माणूस तूप घेऊन शैलजाबाईंकडं येई आणि माहेरच्या नात्यानं दीनानाथांना दाजी म्हणे.

"ताई न्हाईत व्हय, दाजी?" म्हणत तो आत आला आणि पडदा बघून थबकला. "ह्ये काय वो?"

"म्हशी आहेत. म्हणजे, होत्या."

"घंटा हालत्यात की."

"आवृत्तीचा घोळ आहे जरा."

म्हादूनं तुपाची बरणी हळूच खाली ठेवली. "आमच्याकडं बी एकदा आसंच झालं हुतं. रातच्याला म्हशी दावणीला न्हाईत, आन् घंटा वाजत्यात."

दीनानाथ आशेनं वळले. "मग काय केलंत?"

"त्यो माळच सोडला आमी."

दीनानाथांना माळ सोडणं शक्य नव्हतं. घर दोघांच्या नावावर होतं. त्यांनी डोळे मिटून 'म्हैस अंतिम सुधारित' जुन्या फोल्डरमध्ये टाकली आणि गेम पुन्हा चालू केला.

म्हशी आल्या. मात्र ही म्हैस ज्या आवृत्तीची होती, तिच्यात जमीन बहुधा खालच्या पातळीवर असावी. सगळ्या म्हशी गळ्यापर्यंत मातीत होत्या. नुसती मुंडकी ओळीनं बाहेर, आणि ती सगळी वळून दीनानाथांकडं बघत होती. ते खुर्चीसकट उजवीकडं सरकले. मुंडकीही उजवीकडं वळली.

म्हादूनं हात जोडले. "दाजी, काय आसंल ते कबूल करून टाका."

"कुणाला?"

"त्यास्नी."

फाटक वाजलं. शैलजाबाई आत आल्या, पर्स ठेवली आणि चष्मा पुसून पडद्यासमोर उभ्या राहिल्या. दीनानाथांनी एका दमात सगळं सांगितलं. अद्वयचा फोनही सांगून टाकला. अशा वेळी माणूस एकटा बुडत नाही.

शैलजाबाईंनी टेबलावरची धूळ पदरानं टिपली. आवरायला सुरुवात झाली, हे ओळखून दीनानाथांनी भिंतीचा आधार घेतला.

"ही चंद्री ना?" शैलजाबाई एका मुंडक्यावर बोट ठेवून म्हणाल्या. "रोज वैरण घालते हिला. पण कधी शेणाचा वास आला नाही, की कधी मान वर करून बघितलंन नाही. आज पहिल्यांदा बघतेय." आणि त्यांनी कॉम्प्युटर बंद केला.

"चिडली नाहीस?" दीनानाथांनी भिंत न सोडता विचारलं.

"मी कुठल्या तोंडानं चिडू? केळवणात घास उतरत नव्हता मला. तुम्हाला कसं सांगायचं, हीच धास्ती. आता बरं झालं, तुम्हीही काही बोलू शकत नाही." त्या म्हादूकडं वळल्या. "आणलीस?"

"कोपऱ्यावर टेम्पोत हाय, ताई. वरसाची पारडी, लई गरीब."

बाहेरून कुणीतरी हंबरलं. या आवाजाला आवृत्ती नव्हती.

दीनानाथांनी तोंड उघडलं. समोर बंद पडदा होता, त्यात त्यांचाच चेहरा दिसत होता, गळ्यापर्यंतचा. त्यांनी तोंड मिटलं.

"अहो," शैलजाबाई मऊ आवाजात म्हणाल्या, "तेवढी दारातली स्कूटर रस्त्यावर लावता का? पारडीला सावलीत उभं राहू दे."