हरणीचं स्थळ

लेकीसाठी स्थळ पाहायला निघालेला बाप ठेवणीतले कपडे घालतो. बाबूराव पेशकार कुत्रीसाठी स्थळ पाहायला निघाले, तेव्हा काळी शेरवानी गळ्यापर्यंत बटणं लावून निघाले. महिना फाल्गुनाचा होता. एसटीतली माणसं त्या जाड कापडाकडे पाहून स्वतःचाच घाम पुसत होती.

बाबूराव धाराशिवच्या मुनसफ कोर्टात होते. मुनसफांपुढे, म्हणजे न्यायाधीशांपुढे, खटल्यांच्या मिसली ठेवायच्या आणि पक्षकारांना पुकारायचं, हे पेशकाराचं काम. निजामाचं राज्य गेलं, विलीनीकरण झालं, तशा कचेरीतल्या बाकीच्यांनी आपापल्या शेरवान्या पेटीत टाकल्या. बाबूरावांनी टाकली नाही. भाषाही बदलली नाही. भाजीवाली मेथी ताजी आहे म्हणाली की ते "तहकीकात करू" म्हणत, जुडी उलटीपालटी करत आणि मग "मंजूर" किंवा "नामंजूर" असा निकाल देत. भाजीवालीला त्याचा राग येत नसे. तिच्या मते एवढा विचार करून मेथी घेणारा गावात दुसरा कोणी नव्हता.

मी त्याच कोर्टात कारकून होतो आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत राहत असे. आठवडी बाजार उठल्यावर एकदा ते मैदानातून एक तांबूस कुत्री घेऊन आले. तिला कोणीतरी खुंटाला बांधून सोडून गेलं होतं आणि दोर मानेत रुतला होता. बाबूरावांनी शिसपेन्सिलीला टोक करायच्या चाकूने तो कापला. पुढे कित्येक दिवस तेल-हळद चालली. तिचं नाव त्यांनी हरणी ठेवलं.

जखम भरली, पण दोराची भीती राहिली. दोर दिसला की हरणी खाणं सोडी. म्हणून आडावर पाणी शेंदायला जाताना बाबूराव पोहऱ्याचा दोर शेरवानीच्या आत गुंडाळून नेत. सकाळच्या वेळी पेशकारांचं पोट का सुटतं, याची गल्लीत बरेच दिवस चर्चा होती.

अडचण उन्हाळ्याची होती. उन्हाळा तोंडावर आला की नगरपालिकेची माणसं गावात पट्टा नसलेल्या कुत्र्यांना विषाचे गोळे टाकत. हरणी पट्टा घालून घेत नव्हती. खोलीत कोंडलं तर नखांतून रक्त येईपर्यंत दार ओरबाडी. बाबूराव दिवसभर कोर्टात. गोळे पडायच्या आत तिला कायमचं घर पाहणं भाग होतं. सोबतीला त्यांनी मला घेतलं.

पहिलं स्थळ कळंबचं, एका आडत दुकानदाराचं. घर भरलेलं, माणूस मोकळा. त्याने बसायला गादी दिली, चहा मागवला. बाबूरावांनी विचारलं, राहणार कुठे? दुकानदार म्हणाला, गोदामात, चांगली लोखंडी साखळी आहे. बाबूराव चहा यायच्या आत उठले.

"पेशकारसाहेब, कुत्री देताय का लेक?" दुकानदाराने हसत विचारलं.

"नामंजूर," बाबूराव म्हणाले आणि जोडे घालू लागले. उत्तर कुठल्या प्रश्नाचं, हे त्यांनी सांगितलं नाही.

दुसरं स्थळ तुळजापूरच्या एका मास्तरांचं. तिथे साखळी नव्हती. पण मास्तरीणबाई म्हणाल्या, रोज काही ना काही शिळं उरतंच. बाबूरावांनी अतिशय अदबीने विचारलं, की तुम्ही स्वतः शिळं खाता का. ते स्थळही मोडलं.

तिसरं तामलवाडीजवळच्या माळावरचं. धुळा धनगर आणि त्याची बायको ठकूबाई. शंभरेक मेंढरं, दोन कुत्री, सगळीच मोकळी. बाबूरावांनी कुत्र्यांच्या माना चाचपून पाहिल्या. दोराचा वळ नव्हता. तरी त्यांनी विचारलंच, बांधणार तर नाही?

"मेंढरामागचं कुत्रं बांधून कसं चालंल?" ठकूबाई म्हणाली. मग तिने त्यांचीच तहकीकात सुरू केली. घरी कोण असतं? बाबूराव म्हणाले, कोणी नाही. बायको पहिल्या बाळंतपणात गेली, मूलही गेलं. मला हे तेव्हाच कळलं.

ठकूबाई तांब्या घेऊन आली. मी पाणी प्यालो. मी कोणत्याच बाजूचा नव्हतो. बाबूरावांनी हात जोडले.

"लेक दिली त्या घरचं पाणी घेत नसतात."

धुळा हसायला लागला होता. ठकूबाईने त्याच्याकडे पाहिलं तसा तो थांबला. "खरं हाय," ती म्हणाली. "लेकीचं लेकरू बघंस्तवर न्हाय घेत."

"मंजूर," बाबूराव म्हणाले.

दुसऱ्या खेपेला ते हरणीला घेऊन एकटेच गेले. सोमवारी कोर्टात आले ते साध्या कोटात. मुनसफांनीही मान वर करून पाहिलं. शेरवानी कुठे गेली असं मी विचारलं, तर म्हणाले, आंदण दिली. पुढे मी माळावर गेलो तेव्हा हरणी त्या शेरवानीवरच निजली होती. शेरवानीला एकही बटण नव्हतं. हरणीने चुकून गिळू नये म्हणून बाबूरावांनी सगळी काढून घेतली होती.

ते दर महिन्याला जात. एसटीच्या थांब्यापासून माळापर्यंत उन्हात चालत, हरणीजवळ बसत, तसेच परत येत आणि थांब्यावरच्या हॉटेलात लागोपाठ तीन पेले पाणी पीत. ठकूबाई दर वेळी तांब्या आणायची, दर वेळी परत न्यायची.

दिवाळी झाल्यावर धुळा घोंगड्या विकायला धाराशिवच्या बाजाराला आला आणि कोर्टाच्या पायरीशी उभा राहिला. बाबूराव बाहेर आले.

"साहेब, पाणी प्यायला या," धुळा म्हणाला.

बाबूराव आत गेले आणि त्यांनी मुनसफांकडे त्या दिवसाची रजा मागितली. कारण सांगितलं, बाळंतपण. मुनसफ पुण्याकडचे होते, नवे होते. कोणाचं, म्हणून त्यांनी विचारलं.

"मुलीचं," बाबूराव म्हणाले.

पेशकाराला मूलबाळ नाही, हे सगळ्या कोर्टाला ठाऊक होतं. मुनसफांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि रजा दिली.

मी बरोबर गेलो. शेरवानीच्या अस्तरावर चार पिल्लं होती, डोळे अजून मिटलेले. बाबूराव खाली बसले. त्यांनी एकेका पिल्लाच्या मानेवरून बोट फिरवलं. या वेळी ते काही तपासत नव्हते, नुसतं बोट फिरवत होते. हरणीने त्यांचं मनगट चाटलं.

ठकूबाईने तांब्या पुढे केला. "घ्या व्याही. आता तरी घ्या."

बाबूरावांनी तांब्या तोंडाला लावला तो रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही. मग धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं, डोळेही पुसले आणि तांब्या पुन्हा पुढे धरला.